आकूबाच्या डोक्यावरची घडी

कोरोनी, ९ जुलै

ल्युक्रेशियाताईला धाकट्या हर्मीनाचा वाकून नमस्कार. रॉटरडॅमच्या ओल्या हवेत तुझे गुडघे काय म्हणतात? इथे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे मी आणि कोंबड्या. तुला एक विचारायचं आहे, पण धीर होत नाही, म्हणून आधी दुसरंच सांगते.

आई गेल्यावर तिचा मान माझ्याकडे आला. एक जुलैला, गुलामीच्या साखळ्या तुटल्याच्या दिवशी, चौकातल्या आकूबाच्या पुतळ्याला नवं वस्त्र नेसवायचं आणि डोक्याला खळीचा रुमाल बांधायचा. आई दरवर्षी रुमालाला 'मान झुकवणार नाही' असं सांगणारी घडी घालायची. मी शिडीवर चढले. समुद्राकडून वारा येत होता, माड डुलत होते, आणि आकूबाचा ब्राँझचा गाल उन्हाने अगदी आईच्या गालाइतका कोमट झाला होता. मला वर उभ्या उभ्याच गुंगी आली. हात आपले आपण चालत राहिले. (माझे हात डोक्याला विचारून कधी काही करत नाहीत.) खाली उतरून पाहते तो 'कोपऱ्यावर माझी वाट बघ' ही घडी.

ताई, जिने मळ्यावरची चाळीस गुलाम माणसं दलदलीतून पळवून नेली, ती आता अख्ख्या गावाला भेटायला बोलावत होती. रुमालाची घडी न वाचता येणारा आपल्यात आहे कोण? दुपारपर्यंत कोपऱ्यावर सात म्हातारे जमले, इस्त्रीचे सदरे घालून. उत्सव समितीच्या फ्रान्सिनाबाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं. मी म्हटलं, "बाई, पळायच्या दिवशी तिनं त्या माणसांना हेच सांगितलं असेल ना?" बोलता बोलता मलाच रडू आलं. चाळीस माणसं जीव मुठीत धरून उभी, आणि ती येईल एवढाच भरवसा.

संध्याकाळी सहा म्हातारे घरी गेले. वेंडेल तेवढा राहिला. (हो, तोच, ज्याला तू बोटीच्या धक्क्यावर सोडून गेलीस.) मी म्हटलं, आकूबा काही उतरून येत नाही, घरी जा.

"ते कळतं मला," तो म्हणाला. "घडी कुणी घातली ते बघून उभा आहे."

तुझी,
हर्मीना

ता. क. वेंडेलवर पहिला हक्क तुझा. तुझ्या परवानगीशिवाय मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. मनात काही असेल तर मोकळेपणी लिही. तू नको म्हणालीस तर मुकाट्याने ऐकेन.

आणखी एक. पत्र तुला पोचायला तीन आठवडे लागतात. लग्न येत्या शनिवारी आहे.