नदीकाठची वीस मिनिटं

१५ मार्च २०१६, मंगळवार

मिस चिया परत येणार — तीस तारखेला! दत्तक एजन्सीच्या या बाई इतक्या गोड बोलतात की त्यामुळेच जास्त धडकी भरते. मागच्या खेपेला फ्लॅटभर फिरल्या, खिडक्यांच्या ग्रिल हलवून बघितल्या, मग सोफ्यावर बसून हसत विचारलं, एकटीने कधी लहान मूल सांभाळलंय का?

माझ्या आधी शिरीषच बोलला. "उल्काच्या मुलीला गार्गीच तर बघते!"

हे काही तितकंसं खरं नाही. माझी मैत्रीण उल्का आणि तिचा नवरा प्रबोध चोआ चू कांगला, आम्ही बुकित पंजांगला, लोकलने थोड्याच स्टेशनांवर. शनिवार-रविवार जाणं-येणं असतं. पण अदिती माझ्याकडे एकटी अशी कधी राहिलेली नाही. शिफारसपत्र उल्काच देणार आहे. आणि फाइलला फोटो हवेत. मुलांबरोबरचे. नॅचरल!

एकोणचाळीस पूर्ण झाली. तीनदा गर्भ राहून गेला. आता एवढीच एक वाट आहे, आणि तीही एका बाईच्या वहीत.

१८ मार्च, शुक्रवार

ऑफिसात उल्काचा फोन. रविवारी नदीकाठी आयरिश लोकांचा संगीताचा मेळा आहे, सगळ्यांनी हिरवे कपडे घालून यायचं. प्रबोधचा आयरिश साहेब बॅगपाइप वाजवणार आहे म्हणे. माझ्याकडे हिरवं म्हणजे एक पैठणी! शेवटी शिरीषचा जुना टी-शर्ट काढला.

फोटो तिथेच काढता येतील.

२० मार्च, रविवार

शिरीष खाली चालायला गेलाय. तेवढ्यात लिहून टाकते. कुठेतरी ओकायलाच हवं.

दोनला पोचलो. ऊन नुसतं भाजत होतं. सगळा काठ हिरवागार — टोप्या, खोट्या दाढ्या, गालावर पानं रंगवलेल्या चिनी आज्या. स्टेजवर फिडल, बासरी आणि हातात धरून वाजवायचा एक चपटा ढोल. अदिती तर वेडीच झाली. फिडलवाल्यांनी लय वाढवली की हिच्या जागच्या जागी उड्या! आम्ही चौघंही हसत होतो. किती दिवसांनी मी अशी हसले.

साडेतीनला उल्का टॉयलेटच्या रांगेत गेली. शिरीष आणि प्रबोध खाण्याच्या रांगेत. "बघशील ना गं हिला?" उल्काने विचारलं. मी म्हटलं, "अगं जा तू!"

मग त्या नाचणाऱ्या मुली आल्या, कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या. म्हटलं, अदितीला त्यांच्याजवळ उभं करावं. आधी तिचा एकटीचा फोटो, मग दोघींचा. हात सोडला. मागे सरकले. ऊन लेन्सवर येत होतं, म्हणून आणखी मागे. तीन फोटो काढले. चौथ्यात ती नव्हती.

आधी वाटलं, टोपवाल्या मुलींच्या मागे असेल. नव्हती. खाण्याच्या गाड्यांपाशी नव्हती, शिरीष-प्रबोधही त्या गर्दीत दिसले नाहीत. मी हाका मारत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, इतका तो ढोल! तिथे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. कठडा नाही. मी शेवटच्या पायरीपर्यंत गेले. गढूळ पाणी, काही दिसत नाही. एक हिरवी टोपी तरंगत होती. अदितीची टोपी हिरवीच होती. सगळ्यांचीच हिरवी होती!

मी गुडघ्यावर बसून ती टोपी ओढून घेतली. मोठ्या माणसाची निघाली.

फोन हातातच होता. उल्काचा नंबर सगळ्यात वर. लावला नाही. पोलीस उभा होता, त्यालाही विचारलं नाही. कारण तेव्हा, त्या पायरीवर, माझ्या डोक्यात काय आलं? तीस तारीख! पोर पाण्यात असेल की काय हे कळत नव्हतं, आणि मी फाइलचा विचार करत होते. हे मी कुणाला सांगू?

वीस मिनिटं. स्टेजच्या मागे सापडली. सफाई करणारी एक म्हातारी आंटी उलट्या क्रेटवर बसली होती, अदिती तिच्या मांडीवर. रडून रडून तोंड सुजलेलं. "यू मदर, आह?" आंटीने विचारलं. मी हो म्हटलं. "शी क्राय सो लाँग. नेक्स्ट टाइम होल्ड हँड, कॅन?"

"आय वेंट टु सी द ड्रम," अदिती म्हणाली. "देन यू वेअर गॉन." मी गेले होते! तिच्या हिशेबाने मीच.

पुढचं लिहायला नको वाटतंय. तिचं तोंड धुतलं. आइस्क्रीम घेऊन दिलं. खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. आपलं सीक्रेट."

तिने मान हलवली. "ओके, मावशी." अजून हुंदके येत होते.

दोन मिनिटांत उल्का आली. "बापरे, काय ती रांग! त्रास नाही ना दिला हिने?"

"छे गं."

२१ मार्च, सोमवार

काही नाही. उल्काने फोटो पाठवले, खाली हसरे चेहरे. सुटले बहुतेक.

फोन वाजला की आधी नाव बघते, मग उचलते.

२३ मार्च, बुधवार

सुटले नाही.

दुपारी उल्काचा फोन. अदिती दोन दिवस शाळेच्या बसमध्ये चढत नाहीये. आईचा हात सोडत नाही, बाथरूमलासुद्धा. काल विचारलं तर म्हणाली, "कान्ट टेल, लाह. सीक्रेट." मग उल्का थांबेचना. "गार्गी, कोण सांगतं गं लहान मुलीला असं? सीक्रेट ठेव म्हणून? कुणी हात लावला असेल का तिला? त्या गर्दीत? का शाळेत कुणी? बसवाला?"

मी समोरचा कागद सरळ केला.

"तुझ्याजवळच होती ना ती पूर्ण वेळ?"

"हो," मी म्हटलं.

हो म्हटलं! किती पटकन. माझ्या तोंडून कुणी दुसरंच बोललं असं लिहिणार होते, पण नाही, मीच बोलले.

२४ मार्च, गुरुवार

उद्या तिला डॉक्टरकडे नेणार आहेत. तपासायला. प्रबोधने शाळेलाही कळवलंय. बसच्या ड्रायव्हरला बोलावून विचारपूस झाली. म्हातारा माणूस, अदितीला रोज हाताला धरून उतरवतो. माझ्यामुळे!

शिरीषला सांगायला तीनदा तोंड उघडलं. तीनदा चहा हवाय का असं विचारलं.

२५ मार्च, गुड फ्रायडे

डॉक्टरची वेळ अकराची होती. मी नऊलाच त्यांच्या दारात. स्टेशनवर एक एलआरटी गाडी मुद्दाम सोडली, दुसरी सोडली, तिसरीत चढले.

प्रबोधने दार उघडलं. मी चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं. हात कसा सोडला, फोटो, पायऱ्या, आंटी. आणि सीक्रेट म्हणजे काय ते.

उल्का आधी रडली. सुटका झाल्यासारखी! "म्हणजे कुणी काही केलं नाही तिला. कुणी काही केलं नाही." दोनदा म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे दहा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"हरवली, हे मी समजून घेतलं असतं गं. माझ्याच हातून एकदा सुपरमार्केटात हरवलीय. पण तिला गप्प बसवलंस? पाच वर्षांची आहे ती! चार दिवस मी काय काय डोळ्यासमोर आणलं, तुला कल्पना आहे? बुधवारी विचारलं तेव्हासुद्धा हो म्हणालीस!"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जा आता."

जाण्याआधी अदितीशी बोलू दे म्हटलं. उल्काने नको म्हटलं नाही. मी खाली बसले. सांगितलं, मावशीने चुकीचं सांगितलं होतं, आईपासून कधीच काही लपवायचं नसतं, मावशीनेसुद्धा आत्ता आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "सो कॅन टेल ऑलरेडी?"

"हो. सगळं सांग."

ती लगेच आईकडे धावली. ढोलापासून सुरुवात केली. मी बाहेर पडले.

२६ मार्च, शनिवार

शिरीषला सांगितलं. पहिल्यांदा चिडला — "मला तरी सांगायचंस!" मग गॅलरीत गेला. आत आला तो एवढंच म्हणाला, "मिस चियांना कळायची गरज नाही."

उल्काचा मेसेज: पत्र मी देऊ शकत नाही.

३० मार्च, बुधवार

सांगितलं.

शिरीषने टेबलाखाली माझा गुडघा दाबला, तरी सांगितलं. त्या लिहीत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. एका वाक्यापाशी पेन थांबलं — मुलीला मी लपवायला सांगितलं तिथे. "पुन्हा असं झालं तर काय कराल?" मी म्हटलं, आधी आईला फोन करीन. मग म्हटलं, पण आई मीच असेन तर...

"थँक यू फॉर टेलिंग मी," म्हणाल्या. हे त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. कळवू म्हणाल्या.

दार लागल्यावर शिरीष म्हणाला, "संपलं." मग माझ्याकडे न बघताच माझा हात धरून बसला.

४ एप्रिल, सोमवार

काही नाही.

८ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. दरवर्षी गुढी उल्काकडे असते, श्रीखंड मी नेते. यंदा खिडकीतच छोटी उभारली, दोघांनी सुट्टी न घेता, साडेसातला निघायच्या घाईत. श्रीखंड केलंच नाही. बसच्या ड्रायव्हरला भेटून यावं असं रोज वाटतं. काय सांगू त्याला? तरी जाणार आहे.

११ एप्रिल, सोमवार

गेले. सकाळी उल्काच्या इमारतीखाली बस थांबते तिथे उभी राहिले, अदिती यायच्या आधीच. म्हटलं, माझी चूक होती, तुमच्यावर उगाच आलं. तो ऐकत राहिला. "गर्ल ओके नाउ?" एवढंच विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

पळत स्टेशन गाठलं. उल्काने वरून बघितलं की काय कोण जाणे.

१५ एप्रिल, शुक्रवार

सव्वाबाराला उल्काचा मेसेज. "उद्या आम्हाला दोघांना काम आहे. दहा ते एक अदितीला तुझ्याकडे सोडू का? तिला विचारलंय. हो म्हणाली."

चारदा वाचला. भीती वाटली.

"सोड," लिहिलं.