माशांची टाकी आणि पांढऱ्या चादरी

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. कापड कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पाचा मी इन्चार्ज, पण टेबल पाण्यात हवा सोडणाऱ्या, घरघरणाऱ्या ब्लोअरशेजारी. साहेब म्हणालेत, पाण्याचा लॅब रिपोर्ट पास झाला तर दार असलेली केबिन. झालीच समजायची.

४ मार्च
शुद्ध पाणी बाहेर पडतं तिथे काचेची टाकी ठेवली. त्याच पाण्यात सहा मासे. साहेबांना आकडे कळत नाहीत, मासे कळतात.

५ मार्च
सहाही उलटे. दुकानदाराने नाजूक माल गळ्यात मारला.

६ मार्च
ऑपरेटरकाका म्हणतात, घाण खाणाऱ्या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते आणि मी दुपारी ब्लोअर बंद करतो. फक्त दोन तास! त्या घरघरीत विचार कसा करायचा? मी डोळे मिटून विचार करतो, काकांना ती झोप वाटते.
खरा दोष मेव्हण्याचा. तो डाईंग मास्टर. न सांगता लाल रंगाचं अख्खं पिंप माझ्याकडे सोडतो. हिच्याकडे तक्रार केली. म्हणाली, तो रंगवणारच, साफ करायला तुम्हाला ठेवलंय. भावाचा विषय निघाला की संपलंच.

१० मार्च
त्याच दुकानातून नवे सहा मासे. टाकीत नळाचं पाणी. तात्पुरतं. तब्येत सुधारली की हळूहळू आपल्या पाण्याची सवय लावू.

१३ मार्च
लॅबवाला नमुना न्यायला आला. बाहेर पडणारं पाणी नेमकं गुलाबीसर. एका वाईट दिवसावरून कुणाला जोखू नये, म्हणून बाटली माशांच्या टाकीतून भरून दिली. तीही प्रकल्पाचीच टाकी.

१८ मार्च, दुपारी १
पास! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मेव्हण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

दुपारी ४
साहेब म्हणाले, "एवढं स्वच्छ पाणी गटारात कशाला? उद्यापासून डाईंगलाच परत द्या."
खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात सुतार विचारायला आला, केबिनचं दार आत उघडायचं की बाहेर.

२० मार्च
त्याच पाण्यात धुतलेल्या हॉस्पिटलच्या चारशे पांढऱ्या चादरी. गुलाबी. म्हटलं तर मेव्हण्याचाच रंग मेव्हण्याला परत गेला, पण हा मुद्दा कुणालाच पटला नाही. साहेब ओरडले नाहीत. आधी माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

२४ मार्च
बदली गोदामात. केबिन काकांना. ते दार उघडंच ठेवतात, ब्लोअर ऐकू यावा म्हणून.
नापास चादरींतल्या चार हिने मागून आणल्या. घर गुलाबी. मासेही घरीच आणले, मजेत आहेत. मुलीने विचारलं, बाबा, पहिले सहा का मेले? म्हटलं, नाजूक होते.
"पण हेही त्याच दुकानातले ना?"

२५ मार्च, दुपारी २, गोदाम
त्यावर विचार करायला डोळे मिटून बसलो. इथे ब्लोअर नाही, चिटपाखरूही नाही. दोन तास बसलो. झोपसुद्धा आली नाही.