फर्निचर आणि मी

१४ नोव्हेंबर, शनिवार
आज बास्केटबॉलची मॅच हरल्यावर लोकल रेडिओच्या रुगिलेने माझ्या तोंडासमोर माइक धरला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. तिच्या बोटावर शाईचा डाग होता. इतक्या जवळून प्रथमच पाहिला.

हरलो कसे, तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. आमच्या टीममध्ये पाच जण खेळतात ही अफवा आहे. खेळतो मी. बाकीचे चार हॉलमधलं फर्निचर. मला कुणाच्या मदतीची गरज नाही.

हे असंच लावू ना, तिने दोनदा विचारलं. म्हटलं, एक शब्द कापू नकोस. ती हसली. प्रेमात पडलेली मुलगीच असं हसते.

१५ नोव्हेंबर
सकाळी रेडिओवर लागलं. माझा आवाज उत्तम येतो.

आई बेकरीत काउंटरवर असते. घरी आल्यावर म्हणाली, दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही, नुसते पाव उचलून गेले. अभिमानाने लोकांचा कंठ दाटतो, हे तिला कोण सांगणार?

अख्ख्या लिथुआनियात पोरं चालायच्या आधी बॉल टाकायला शिकतात. नेमके आमच्याच गावाच्या वाट्याला हे चौघे यावेत!

१७ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. वाटलं होतं, रडारड होईल. पण मंडळींनी टीका खेळीमेळीने घेतली. कॅप्टन तौत्विदास दुधाचा टँकर चालवतो. डोकं परतीच्या टँकरसारखं. तो आता स्वतःला टेबल म्हणवतो. आमचा सात फुटी गिन्तास, कपाट. ‘ए स्टूल, बॉल टाक की!’ ‘थांब रे खुर्ची, पाय निखळलाय माझा!’ हे दोन तास चाललं. पोरकट. पण माझ्या शब्दांचा प्रभाव बघा.

एकदा मी ओरडलो, गिन्तास, अडव त्याला! हा जागचा हलेना. म्हणाला, ‘महाराज, कपाट स्वतःहून सरकलेलं पाहिलंय कधी?’

ट्रेनरने बाजूला घेतलं. ‘स्कीर्मा, शनिवारच्या आत माफी माग त्यांची. नाहीतर तुला कुठे ठेवायचं ते मला कळत नाही.’ माणूस चांगला, पण जुना. कॉलेजही मी याच कारणाने मधेच सोडलं. प्राध्यापकांना स्पष्टपणा झेपत नव्हता. (गणितही होतं.)

संकल्प: माफी नाही. शनिवारी चाळीस पॉइंट. मग रुगिलेला विचारायचं.

१९ नोव्हेंबर
रुगिलेला फोन केला. उचलला नाही. कामात.

संध्याकाळी रेडिओवर कळलं, काम काय ते. फर्निचरची मुलाखत! स्कीर्मा असं बोलल्यावर तुम्हाला काय वाटलं, तिने विचारलं. गिन्तास म्हणाला, ‘आम्ही लाकडाचे, बाई. आम्हाला काय वाटणार?’ किती वेळ हसत होती. नोकरीसाठी बिचारीला काय काय करावं लागतं.

२१ नोव्हेंबर, शनिवार
सुधारले! आज प्रत्येक बॉल माझ्याकडे. दिला की चौघे बाजूला, हाताची घडी घालून. समोरचे तिघे माझ्या अंगावर. असं मोकळं मैदान नशिबाने मिळतं. दोन पॉइंट केले.

मग ट्रेनरने मला बसवलं. समोरच्यांना गाफील ठेवायची चाल. शेवटपर्यंत गाफील ठेवलं.

जिंकलो. रुगिले माइकवर किंचाळली, ‘आज फर्निचर जिंकलं!’ सगळा हॉल उभा राहिला. मला पुढचं दिसेना, म्हणून मीही उभा राहिलो.

२२ नोव्हेंबर
जिंकलं की तौत्विदासच्या तळ्याकाठच्या सॉनात वाफ घ्यायला जायचं, हा रिवाज. बर्चच्या ओल्या पाल्याची जुडी घ्यायची आणि शेजाऱ्याची पाठ झोडपायची. त्याशिवाय सॉना म्हणजे नुसता घाम. कुणी बोलावलं नव्हतं. गेलो. मन मोठं लागतं.

जोड्या जमल्या. मी वरच्या फळीवर पालथा पडून राहिलो. खाली सपासप चाललेलं. माझ्याकडे कुणी येईना. शेवटी म्हणालो, मारा की रे कुणीतरी.

वाफेतून कॅप्टनचा आवाज आला, ‘मदत नको होती ना तुला?’ या वेळी कुणी हसलं नाही.

गिन्तास मात्र जुडी घेऊन जवळ आला. हळूच म्हणाला, ‘चुकलो म्हण, स्कीर्मा. लगेच मारतो.’ एका शब्दाचं काम. वाफ फार होती, सुचला नाही. तो थांबला. मग जुडी माझ्या हातात ठेवून गेला.

स्वतःच मारून घेतलं. खांदे झाले. कंबर झाली. मधला भाग राहिला. तिथे हात पोचत नाही.

कपडे करून पुढच्या खोलीत आलो तर रुगिले! काळा पाव कापत होती. अंगात गिन्तासचा स्वेटर, गुडघ्यांच्या खाली आलेला. सकाळपासून पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं. तिने वर न बघताच विचारलं, ‘निघालास? दार नीट ओढून घे, गारठा आत येतो.’

बाहेर आलो. दार नीट ओढून घेतलं. एकट्याने.