सांग्रोच्या पलीकडचा काठ

हायडेलबर्ग,
१६ जून १९५७

तीर्थरूप आबांच्या चरणी कुसुमचा नमस्कार.

मी खुशाल आहे. आईने पाठवलेलं मेतकूट पोचलं. घरमालकीण फ्राउ केलरसुद्धा आता ते भातावर मागून घेतात. सरलाच्या बाळाचं बारसं थाटात झाल्याचं कळलं. तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही उत्तर देणार नाही हे ठाऊक आहे, तरी विचारते.

गेल्या आठवड्यात प्रोफेसर ब्राउनांच्या सेमिनारमध्ये मी बोलले. युद्ध हरल्यावर जर्मनीचं सैन्य मोडलं होतं, ते आता दोस्त राष्ट्रांच्याच संमतीने पुन्हा उभं राहतंय. पण लांब पल्ल्याचे अग्निबाण, मोठ्या युद्धनौका असलं काही इथे बनवायला अजून बंदी आहे. ती सैल करायची तर कशी, हा माझा विषय.

मी म्हटलं, नुसत्या गणवेशाने सरहद्द राखता येत नाही, हत्यारं लागतातच. हे मी तुमच्याकडूनच शिकले. पण बंदी सरसकट उठवू नये. एकेका शस्त्रापुरती उठवावी, आणि त्याआधी बाहेरच्या तपासनीसाला कारखान्यात जाऊ द्यावं.

एकजण हसून म्हणाला, "फ्रॉयलाइन शिंदे, हे युरोपचं दुखणं. तुम्हाला त्यात काय?"

"माझा भाऊ युरोपात आहे."

"अस्सं? कुठे शिकतो?"

आबा, घरात तुम्ही दादाचं नाव काढू देत नाही. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्याकडे शिकायला जातेस म्हणालात, आणि त्या दिवसापासून माझ्याशीही बोलणं टाकलंत. तरी पुढचं लिहितेच.

मी म्हटलं, "शिकत नाही. मराठा पलटणीत होता. इटलीत, सांग्रो नदीकाठी त्याला अग्नी दिला."

मग मागून रोल्फ उठला. तो पायाने अधू आहे, आमच्याहून वयाने मोठा, एरवी गप्प असतो.

"सांग्रोला मीही होतो," तो म्हणाला. "पलीकडच्या काठावर." माझ्याकडे बघणं त्याला जमेना. "आमच्याकडे काय बनतंय, हे युद्धाआधीच कुणी येऊन पाहायला हवं होतं. फ्रॉयलाइन बरोबर बोलतात."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. बाहेर त्याने हात पुढे केला, तो मी हातात घेतला. तुम्हाला हे रुचणार नाही, पण तुमच्यापासून लपवायचं नाही.

प्रोफेसरांनी माझी सूचना जशीच्या तशी घेतली. आमचं टिपण पॅरिसला, शस्त्रनियंत्रणाच्या कचेरीकडे जाईल. त्यावर नाव आहे कुसुम दौलतराव शिंदे. मधलं नाव मी मुद्दाम पूर्ण लिहायला लावलं. प्रोफेसरांबरोबर मलाही तिकडे जायचं आहे, आणि परतताना मी इटलीला जाणार आहे. दादाचं नाव तिथल्या दगडावर कोरलंय म्हणतात.

बापाने पोराला सांगायचं ते मी माझ्या मनाने कसं सांगू? दोन ओळी तेवढ्या लिहून पाठवा. मी त्याला वाचून दाखवीन.

सुभेदार शिंद्यांची लेक,
कुसुम