रिकाम्या भिंतीवरचा स्विच

प्रिय मनू,

फोनवर मावशीचं, म्हणजे तुझ्या आईचं, नाव काढलं की तुला नेमकी मीटिंग आठवते. पत्र वाचता वाचता आठवली तरी पत्र काही बंद पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. सिद्धेश्वर आठवतो ना, आपल्या वर्गातला? लातूर-नांदेड गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याच्याच हाती पाठवतेय. खरं सांगते, माझं डोकं चालेनासं झालंय. रविवारपर्यंत होस्टेलच्या गारव्याच्या यंत्रात कोणता गॅस भरायचा ते मला ठरवायचंय, आणि तुझ्या आईचं तिथलं राहणं त्या गॅसवर अडकलंय. हसू नकोस, आधी पुरतं वाच.

शेषेरावांचं इथलं, लातूरचं मुलींचं होस्टेल तुला माहीत आहे, क्लासेसच्या गल्लीमागचं. कंधार, मुदखेड, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून मुली डॉक्टर व्हायला येतात आणि प्रमोदिनी मावशी त्यांची रेक्टर. एप्रिलमध्ये मुली डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फिजिक्स करतात. अंगणात दुष्काळाच्या साली घेतलेले बोअर आहेत, सगळे कोरडे गेलेले. शेषेराव अजूनही त्यांच्याकडे बघून उसासे टाकतात. खोल्या गार करायचं काम त्यांनी माझ्या वर्कशॉपला दिलं, तेव्हा मी म्हटलं, पाणी नाही तर नाही, गारवा तरी घेऊ. त्यांत पाइप सोडले, भोवती चिकणमाती ठासली. खोल जमिनीचं तापमान बारा महिने जवळजवळ सारखं असतं. उन्हाळ्यात खोल्यांतली उष्णता खाली सोडायची, हिवाळ्यात खालची वर आणून आंघोळीचं पाणी तापवायचं. ही ने-आण करतो यंत्रात फिरणारा गॅस.

तिथंच माझं आणि शेषेरावांचं वाजलं. त्यांना बाजारात सहज मिळणारा, न पेटणारा गॅस हवा. पेटत नाही हे खरं, पण एक किलो निसटला तर सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढी हवा तापवतो. एक मधला आहे, त्याचा उपद्रव तिसऱ्या हिश्श्याएवढा, पण तोही थोडा पेटतोच. खुद्द कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रंही असतात, पण त्यांतला दाब एवढा की बिघडलं तर इथं हात लावणारा सापडायचा नाही. उरला प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. हवामानाला त्याचा त्रास नसल्यातच जमा, यंत्रही झकास चालतं. पण पेटतो, आणि चांगलाच पेटतो.

तुला माझ्या अब्बांचं दुकान आठवतं? फ्रीज दुरुस्तीला आला की आधी नळी कापून जुना गॅस सोडून द्यायचे. फुस्स. तो आवाज ऐकायला आपण दोघी दारात उभ्या राहायचो आणि टाळ्या वाजवायचो. सगळ्या मिस्त्रींची तीच रीत होती, पुष्कळांची अजून आहे. इथं जे यंत्र बसेल त्यातला गॅस एक दिवस असाच फुस्स करून सुटणार, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं शेषेरावांना नाही. म्हणून मी प्रोपेनचा हट्ट धरला.

हट्ट धरला तशी काळजीही घेतली. हा गॅस जड, जमिनीलगत साठतो, आणि यंत्रात भरतात त्याला वासही नसतो. म्हणून यंत्र इमारतीत नेलंच नाही. अंगणाच्या टोकाला जुनी विजेची खोली होती, तिथं बसवलं. खाली झरोके पाडले, पंखा लावला, गळती ओळखणारा अलार्म लावला. ठिणगी नको म्हणून मेन स्विच तिथून काढून फाटकाजवळ नेला. नियम एकच: अलार्म वाजला की त्या खोलीकडे फिरकायचं नाही, सगळ्यांनी फाटकाबाहेर. मावशीनं तो मुलींकडून घोकून घेतला, तुझ्याकडून पाढे घोकून घ्यायची तसा.

गेल्या रविवारी गॅस न भरताच अलार्म वाजवून पाहिला. मुली शिस्तीत फाटकाकडे गेल्या आणि मावशी उलटी पळाली. मनू, गुडघ्यांमुळे देवळाची पायरी न चढणारी तुझी आई निऱ्या मुठीत धरून त्या खोलीत शिरली. मी मागोमाग धावले. तिनं कमरेचा टॉर्च काढून लावला होता आणि रिकाम्या भिंतीवर हात फिरवत होती. स्विच होता तिथं आता सिमेंटचं ठिगळ आहे. ते ती नखांनी खरवडत होती. 'कुठं गेला गं हा? आधी पाडायला पायजे न्हाई का!' एवढंच पुन्हा पुन्हा. खरंच गॅस सुटलेला असता तर त्या टॉर्चचं बटणसुद्धा भडका उडायला पुरलं असतं.

शेषेरावांनी सगळं पाहिलं. माणूस वाईट नाही, पण दीडशे मुलींचे आईबाप त्यांना विचारणार. म्हणाले, 'मॅडम, एक तर गॅस बदला, न्हाई तर बाई बदला.' येत्या रविवारी पुन्हा अलार्म वाजवायचा, आणि मावशी पुन्हा तिकडे गेली तर दोनपैकी एक. मी तिला समजावलं. तिनं नियम मलाच तोंडपाठ म्हणून दाखवला. खोलीला कुलूप लावून अलार्म वाजवला, तर दाराशी उभी राहून कुलूप हिसडत बसली, आणि तिथं उभं राहणंही तितकंच वाईट. जुना गॅस भरला तर मावशी राहील, पण गल्लीतली बाकीची होस्टेलं हेच बघून तेच भरणार. प्रोपेन भरला तर तिला होस्टेलमधली राहती खोली सोडून जायचं कुठं? तुझ्याकडे ती स्वतःहून येणार नाही, आणि तू बोलावणार नाहीस. मला खरंच काही सुचत नाही गं. काल वर्कशॉपमध्ये कामगारांसमोर रडले.

संध्याकाळी तिला समोर बसवून विचारलं, मावशी, त्या भिंतीत आहे काय? तेव्हा ती बोलली. तुला ठाऊक आहे ते एवढंच, की भूकंपाच्या पहाटे तिनं तुला उचलून बाहेर आणलं आणि तुझे बाबा झोपेतच गेले. 'बाबांना का नाही उठवलंस?' असं तू दहावीत असताना तिला विचारलंस. मी तिथंच होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तेव्हापासून तू तिच्याशी नीट बोलली नाहीस. मनू, बाबा झोपलेले नव्हते. तेही बाहेर आले होते, तुम्ही तिघं अंगणात उभे होता. घरात तारा तुटून ठिणग्या उडत होत्या, आणि मावशीच ओरडली, 'आधी मेन स्विच पाडा!' ते आत गेले आणि भिंत त्यांच्या अंगावर आली. इतकी वर्षं तुला ती हे सांगू शकली नाही. तुला हे कळण्यापेक्षा तू रागावलेली तिला परवडत होतीस. म्हणून आता दुसऱ्या कोणाला जायला लागू नये यासाठी ती स्वतः पळते. तुला लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'लिही बाई. माझ्या तोंडून न्हाई निघायचं.'

आता कळलं असेल, मी हे का लिहितेय. नियम, कुलूप, अलार्म यांनी ती थांबणार नाही. त्या पहाटे तू तिच्या कडेवर होतीस, म्हणूनच ती त्यांच्यामागे आत गेली नाही. तिला तेव्हाही तूच थांबवलंस. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. सिद्धेश्वरला तुझी जागा धरून ठेवायला सांगितलंय. गॅसचं माझं मी बघते. तू फक्त अलार्म वाजला की तिचा हात घट्ट धर, आणि तिला सांग, आई, आत कोणी नाहीये.

तुझी वाट बघत,
तुझीच,
हुमा