पल्याड कोण राहतं

माय, आपल्या गल्लीत नळ आला. आखाजीच्या, शाळेत अक्षय्य तृतीया म्हणतात तिच्या, चार दिवस आधी आला, आणि तेव्हापासून तुला सांगायचं मनात घोळतंय. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तिकडं कोणीतरी वाचून दाखवणारं भेटलं असेल. नळ म्हणजे काही घरात नाही हं, गल्लीच्या तोंडाशी, चिंचेखाली, चार गल्ल्यांत मिळून एक. तोटी फिरवली की आधी फुसफुस करतो, मग थोडं गढूळ येतं, मग निवळ. पहिल्या दिवशी तिथं जी झुंबड उडाली तीत मी पण पदर खोचून उभी होते, या वयात. शेजारची पिंजाऱ्याची खाला, तुझ्याबरोबरीची, तिला आता दिसत नाही नीट, ती नातीचा हात धरून आली होती. तोटीखाली हात धरून म्हणाली, ‘तेरी माय रहती तो पहला घडा वोच भरती, और किसीको हाथ नहीं लगाने देती.’ बायका हसल्या. मी पण हसले, आणि मग मला भरून आलं.

तू नदीच्या ज्या काठावर पाहुणी म्हणून आलीस त्या काठाचं हे चाललंय. आता इथं काय नाही ते विचार. मुलींची शाळा आहे. दवाखाना आहे, त्यातला डॉक्टर खेकसतो पण औषध बरं देतो. गल्लीत रॉकेलचे दिवे होते ते जाऊन मोठ्या रस्त्यावर विजेचे आले. कापसाच्या जिनाचा भोंगा वाजला की आम्ही भाकरी टाकायला घेतो. गावाकडची शिकलेली माणसं इकडं जागा विचारत हिंडतात, म्हणे इकडं हवा मोकळी. हवा आपल्या वेळेलाही मोकळीच होती, तेव्हा कुणी फुकट घ्यायला येत नव्हतं. इंग्रजाचं राज्य जाणार असं आता सगळेच म्हणतात. तुझा नातू भुसावळला रेल्वेत आहे, तो परवा आला तेव्हा त्याचंही तेच. मी त्याला म्हटलं, राज्य येईल तेव्हा येईल, आधी बादली लाव, नाहीतर नंबर जाईल.

आपण इथं कसे आलो ते मला अर्धं आठवतं आणि अर्धं तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे. गावात, आपल्या रंगारी गल्लीत, उंदीर पडायला लागले. दवंडी फिरली की घरं सोडा, नदी ओलांडून मोकळ्यात राहा. मी बापाच्या, नानांच्या खांद्यावर होते. नदीत ओळीनं टाकलेल्या दगडांवरून लोक चाललेत, कुणाच्या डोक्यावर पेटी, कुणाच्या काखेत कोंबडी, आणि तू मागं वळून वळून गावाकडं बघतेस. कुडाच्या झोपड्या, वर ताडपत्री, शेजारी पिंजारी, पलीकडं माळी, जात-पात बघायला कुणाला सवड नव्हती. प्लेग ओसरला तशी माणसं परत गेली. झोपड्या मोडल्या, बांबू विकले. नाना मात्र हलेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पांझरेचं पाणी निवळ, त्यात धुतलेला रंग उठतो, आणि वाळवायला ही एवढी वाळू. गावात लुगडी वाळवायची तर छपराछपरावर, धाब्याधाब्यावर, लोकांच्या विनवण्या करायच्या. पिंजारी राहिला, कारण त्याला कापूस पिंजायला गावात कुणी जागा देत नव्हतं, उडतो म्हणून. माळी राहिले, मळ्यांच्या फडाला पाणी नेणाऱ्या पाटाजवळ पडतं म्हणून. असं ज्याचं त्याचं कारण घेऊन मूठभर घरं राहिली आणि त्याची वस्ती झाली.

तू राहिली नाहीस. म्हणजे अंगानं राहिलीस, मनानं नाही. कुडाच्या भिंती जाऊन मातीच्या आल्या, वर कौलं आली, आणि तू स्वैपाक करायचीस तीन दगडांवर. प्रवासात मांडतात तसे तीन दगड. वारा इकडचा असला की तिकडं, पाऊस आला की आत. नाना म्हणायचे, ‘अगं, एक चूल घाल की धड.’ तू म्हणायचीस, ‘चूल गावमा शे. आपलं घर गावमा शे. आठे आपन पाव्हना शेतस.’ घर तिथं, इथं आपण पाहुणे. गावातल्या त्या घरात काकी राहायची, नानांची वहिनी, आणि तुझी मांडलेली चूल तिच्या राखेनं भरायची, हे तुला कळत नव्हतं असं नाही. पण चूल मांडली म्हणजे घर झालं, आणि इथं घर झालं म्हणजे तिथलं सुटलं, हा तुझा हिशेब होता. आखाजीला तर नुसता रडकुंडीचा प्रसंग. पितरांच्या नावानं आगारी, नैवेद्याचा घास, टाकायची ती चुलीतल्या निखाऱ्यावर; भडका उठला की पितर उतरले. नाना इथंच टाकू म्हणायचे आणि तू कपाळाला हात लावायचीस, की सासरे-आजेसासरे नदी ओलांडून तीन दगडांवर उतरतील होय? मग भरली घागर आणि पुरणपोळीचं ताट घेऊन आपण दगडांवरून गावात जायचो, काकीच्या चुलीत आगारी टाकायला. काकी बाजूला सरकून जागा द्यायची, पण जागा देतेय हे दिसेल अशी.

आणि तो शब्द. आपल्या काठाला गावातले लोक ‘पल्याड’ म्हणत, ते ठीकच, त्यांना तो पल्याडच. पण आपण सुद्धा तेच म्हणायचो. कुणी विचारलं कुठं राहता, तर आपल्या अंगणात उभं राहून सांगायचं, ‘आम्ही पल्याड राहतो.’ पाय इथं आणि तोंड तिकडचं. आपल्या काठावर पहिली शाळा सुरू झाली, एकच खोली, मास्तर गावातून पायी यायचे. त्यांनी भूगोल शिकवताना पाटीवर नदी काढून आणायला सांगितली, नदीच्या दोन्ही बाजूंना काय काय आहे ते दाखवून, आणि आपलं घर. मी संध्याकाळी नदी काढली, बंधारा काढला, फडाकडं जाणारा पाट काढला, चिंच काढली आणि चिंचेशेजारी घर काढलं. तू भाकरी थापत होतीस. वाकून बघितलंस आणि पिठाच्या ओल्या बोटानं माझं घर पुसलंस. नदीच्या त्या अंगाला बोट टेकवून म्हणालीस, ‘आठे काढ.’ मी म्हटलं, माय, आपण तर इथं बसलोय. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. नाना रंगाच्या हौदाशी लुगडं पिळत होते, रात्री जेवताना त्यांनी भाकरी मागून घेतली नाही. पाटीवरच्या पिठाचा डाग सकाळपर्यंत वाळला आणि मी शाळेत नेली ती पाटी घराशिवाय. मास्तर म्हणाले, घर राहिलं की गं. मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

ठरलं त्यानंतरच्या आखाजीला. दुपारी काकीकडं आगारी टाकून तू मला आणि माझ्या मातीच्या गौराईला न्यायला परत आलीस. आखाजीला नदीत गौराई बोळवताना दोन्ही काठांच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात; दरवर्षी तू गावाच्या बाजूनं उभी राहायचीस, रंगारी गल्लीच्या बायांत, आणि मला कडेला उभं करायचीस. त्या दिवशी नेमकी वावटळ सुटली. वाळूवर लग्नसराईची लुगडी पसरलेली, हिरवी, जांभळी, ती उडून बाभळींवर जायला लागली. नाना एकटे किती धावणार. तू मला टाकून वाळूत पळालीस, खाला पळाली, मी गौराई कडेवर घेऊन उभी. लुगडी गोळा होईपर्यंत नदीत दोन्ही काठांच्या बाया उतरल्याही होत्या. पाणी घोट्याएवढं. आता त्यांच्या मधून पार व्हायचं म्हणजे शोभा, म्हणून तू नाइलाजानं आमच्यातच थांबलीस, माळणी आणि मजुरणी यांच्यात, हाताला जांभळा रंग लागलेला. आणि शिव्या सुरू झाल्या. आखाजीच्या शिव्या, माय, त्या देताना हसायचं आणि घेताना हसायचं, मनाला लावायच्या नाहीत, हा रिवाज तूच मला शिकवला होतास. नाकावरून झालं, नवऱ्यावरून झालं, माळणींनी त्यांना पुरून उरेल असं दिलं. मग तिकडून काकी पुढं आली. तिनं तुला बघितलं होतं की नाही देव जाणे. कमरेवर हात ठेवून तिनं ताल धरला, ‘पल्याडन्या बाया, तुमना घरमा चूल नही, तीन दगडस्वर रांधतस, तुमना पितर कोठे उतरतीन?’

सगळ्या हसल्या. आपल्याकडच्या सुद्धा. खरं होतं ना ते, फक्त ते आपल्या एकट्या घराचं खरं होतं. माळणींच्या चुली कधीच्या मांडलेल्या. तुझ्या एका हट्टापायी सगळ्या काठाला बिनचुलीचं म्हटलं गेलं. मी तुझ्याकडं बघत होते. तू हसली नाहीस. लुगडं खोचून पाण्यात पुढं गेलीस, पार मध्यापर्यंत, आणि तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. ‘पल्याड तुम्ही शेतस,’ तू म्हणालीस. ‘आम्ही आठेच शेतस. आमना पितर आठेच उतरतीन.’ शिवी नव्हती ती. काकीचे हात कमरेवरून खाली आले. मग खाला, जिचा त्या सणाशी काही संबंध नाही, तिनं काठावरून टाळी वाजवली आणि पुन्हा सगळ्यांना हसू फुटलं.

घरी आल्यावर तू लुगडं बदललं नाहीस. मला म्हणालीस, ‘जाय, नदीवरनी माती लई ये.’ घोड्याची लीद आणलीस कुठून तरी, भुसा कालवलास, आणि जांभळ्या हातांनी चूल घातलीस, अजून आहे तीच, भिंतीला धरून, कालवण ठेवायच्या वैलासकट. नाना दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, ‘मंग, चूल मांडस का?’ तू म्हणालीस, ‘तुमले दिसस नही का?’ त्या रात्री नानांनी दोनदा भाकरी मागून घेतली, तीन दगडांवरचीच, कारण चूल ओली होती.

पुढच्या आखाजीला पहिली आगारी त्या चुलीत पडली. नानांनी घास टाकला, तुपाची धार सोडली, आणि निखाऱ्यांनी काही दाद दिली नाही. नुसता धूर. तू मला अजून तशीच दिसतेस. चुलीसमोर उकिडवी बसून बघतेस, मी तुझ्या पाठीला टेकलेली, तुझं काळीज धाडधाड उडतंय ते मला पाठीतून कळतंय. मग एकदम भडका उठला. तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, ‘उनात.’ आले. त्यानंतर तू या काठाला पल्याड म्हटल्याचं मला आठवत नाही. गावात निघालीस की म्हणायचीस, पल्याड जाऊन येते. आधी आपल्याच घरात हसले सगळे, मग गल्ली म्हणायला लागली. आता माझी नात गावाला पल्याडच म्हणते, आणि त्यात काही गंमत आहे हे तिला माहीतही नाही.

चूल अजून तीच आहे, माय. वरून कितीदा लिंपली, पण आतली माती तुझी. तुला मुलगा नव्हता, तुझा जावई रंगाच्या कामासाठी इथंच राहिला, लोकांनी घरजावई म्हणून नावं ठेवली, ठेवू दे. आगारी मी टाकते, नानांच्या नावानं आणि तुझ्या. या वर्षी तुझी घागर नळाच्या पाण्यानं भरली. खाला म्हणाली होती ना, पहिला घडा तुझा, तर तो असा तुला दिला. घास टाकला आणि लगेच भडका उठला, धूर सुद्धा झाला नाही. खूप बरं वाटलं. इतकी का घाई तुला, असंही मनात आलं.

हे सगळं लिहून काढलं खरं, पण पाकिटावर पत्ता घालायला बसले आणि हात थांबला. तू उतरतेस ती आपल्याच चुलीत, तेव्हा पत्ता आपलाच घालायचा. आणि आपल्या वस्तीच्या नावाची आणखी गावं आहेत म्हणे तालुक्यात, त्यामुळं पत्त्यावर ‘नदीपल्याड’ लिहिलं नाही तर पत्र भलतीकडं फिरून येतं. मुलाची भुसावळहून येणारी पत्रं तशीच येतात, मी माझ्या पत्रांवरही आपला पत्ता तसाच लिहिते, मुकाट्यानं, इतकी वर्षं. आज तो शब्द तुझ्या नावाखाली लिहवेना. तू पीठ लागलेल्या बोटानं पुसशील असं वाटलं. म्हणून पाकीट कोरंच, चुलीवरच्या कोनाड्यात ठेवलंय.