हेरिंगच्या कानातले खडे

वेस्ट अ‍ॅल्डन, मेन
१२ सप्टेंबर २००४

ती. व्हर्नाताईस,

धाकटीचा नमस्कार. हाताला आज माशाचा वास नाही, तेव्हा पत्र खुशाल नाकाजवळ धरून वाच.

कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले. जीवशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी शिरले, तर पोरांनी मलाच शिक्षिका समजून वह्या उघडल्या! खरी शिक्षिका माझ्यामागून आली. मिस पेल्टन तिचं नाव. वय एकोणतीस, म्हणजे मी मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कात्री धरली त्याच्या जरा आधीचा तिचा जन्म. चांगली आहे, पण भरभर बोलते आणि फळ्याकडे तोंड करून बोलते. तू असतीस तर तुला एक अक्षर कळलं नसतं आणि तू तिला तसं तोंडावर सांगितलंही असतंस.

काल गालाच्या आतून काडी फिरवून माझीच पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिली. त्रेपन्न वर्षं ती माझ्या तोंडात होती आणि आमची ओळख नव्हती. मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारची टेस नावाची मुलगी दचकली.

नर्सिंगला जायचं तर या विषयात पंचाहत्तर गुण हवेत, तेही पहिल्याच प्रयत्नात. कारखाना बंद पडला म्हणून आपल्याला फुकट शिकायची जी सवलत मिळाली, ती एकदाच. नापास झाले की दार बंद. म्हणून मी जीव तोडून वाचतेय.

मिसेस थिबोडोंकडची खोली बरी आहे. शनिवारी त्या बीन्स करतात, पण काकवी न घालता. मी ताटातलं संपवलं. भाडेकरू आहे.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, थोडा वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी,
लोइस

•

पिन्स हार्बर
२० सप्टेंबर

चि. लोइस हिस,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात, राग कितीही असला तरी.

तुझी पेशी पाहून झाली असेल तर आता माझं ऐक. गावातल्या एल्डनने धक्क्यापाशी खेकडे सोलायची शेड काढली आहे. तुझी खुर्ची त्याने पंधरा ऑक्टोबरपर्यंत रिकामी ठेवली आहे. मी विचारलं म्हणून ठेवली, तुझ्या सुंदर तोंडाकडे बघून नाही. तुझ्या वयाला पोरांच्या बाकावर बसून परीक्षा द्यायची हौस काय ही? गावात लोक विचारतात आणि मला ओठ वाचता येत नसल्याचं सोंग करावं लागतं.

कारखान्यावरचा भोंगा परवा उतरवला. मला तो पंधरा वर्षं ऐकूच येत नव्हता. बोटी लागल्या की तू येऊन माझा पाय हलवायचीस, तोच माझा भोंगा. तरी तो खाली येईपर्यंत मी तिथं उभी राहून पाहत होते. आता हेरिंग येतात ते सगळे शेवंडांच्या सापळ्यात आमिष म्हणून जातात. आपण दोघींनी हयातभर ज्यांना डब्यात नीट निजवलं, ते आता पिंपात कोंबून नेतात.

घर मोठं वाटतं. ये परत.

लोभ आहे, पण तो पंधरा ऑक्टोबरनंतर मोजून मिळेल.

व्हर्ना

•

वेस्ट अ‍ॅल्डन
१० ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,

नमस्कार. हसायचं असेल तर आधी खुर्चीत बस.

मंगळवारी माशाची चिरफाड होती. पर्च मासा, औषधात बुडवलेला, वास असा की आपल्या कारखान्याचा मागचा नाला अत्तर वाटावा. चार जणांच्या टेबलाला चार मासे आणि प्रत्येकाला एक कात्री. मिस पेल्टन फळ्याकडे तोंड करून सूचना सांगत होती. कात्री उजव्या हातात आली, मासा डाव्या हातात आला, आणि ताई, शपथ सांगते, पुढचं मी केलंच नाही, हातांनी केलं. डोकं खटकन, शेपूट खटकन. मग टेसचा मासा. मग उरलेले दोन. पर्चचा काटा अंगठ्यात घुसला तेव्हा शुद्धीवर आले. सगळा वर्ग आमच्या टेबलाभोवती. आणि ट्रेमध्ये चारही मासे एकाआड एक उलटे करून, डबा भरावा तसे, एकाला एक चिकटून निजलेले.

पोरं टेबलावर पडून हसली. मीही हसले. पण त्या दिवशीचा धडा नेमका डोक्याचाच होता: कल्ले, डोळा, कान. बाकीच्या तिघांना दुसऱ्या टेबलांवर बसवलं. मला शून्य मिळालं. मिस पेल्टन म्हणाली, की हा कारखाना नाही. मी म्हटलं, की दिसतंच आहे, कारखान्यात सुरुवातीला सूचना ऐकू येईल अशी देतात.

प्रयोग पुन्हा करता येतो, पण त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर छापलेलंच आहे, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोग वाया गेला’, आणि खाली सही. मी ‘निष्काळजीपणामुळे’ खोडून ‘अठ्ठावीस वर्षांच्या सवयीमुळे’ लिहिलं. ऑफिसने फॉर्म परत पाठवला. मिस पेल्टनने समजावलं, की तो नुसता छापील शब्द आहे, कुणी वाचतही नाही, सही करून मोकळी हो. बिचारीला खरंच वाटत होतं की मी पास व्हावं.

सही नाही केली तर शून्य तसंच राहतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या प्रयोगपरीक्षेत नव्वदच्या वर मिळवावे लागतील. आतापर्यंत वर्गात कुणाला तिथं नव्वद मिळालेले नाहीत म्हणे.

तू काय केलं असतंस?

लोभ असावा, आणि हसून झालं की उत्तर पाठवावं.

लोइस

•

पिन्स हार्बर
१४ ऑक्टोबर

चि. लोइस,

आशीर्वाद. सही कर. एका शब्दाने काय होतं? आपल्यासारख्यांनी सही करायची आणि कामाला लागायचं. ताठा दाखवून कुणाचं भलं झालंय?

एल्डनला मी अजून नाही म्हटलेलं नाही.

व्हर्ना

•

वेस्ट अ‍ॅल्डन
२९ ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,

नमस्कार. तुझं पत्र इतकं छोटं होतं की पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

मी सही करणार नाही. दहादा पेन उचललं, ठेवलं. त्या खोलीतले सगळ्यांत नेटके काप माझे होते. चूक होती, मान्य आहे. पण निष्काळजी? आपल्या टेबलावरचा एक डबा तपासनिसाने कधी परत पाठवला होता का? सवयीला निष्काळजीपणा म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं, माझ्या सहीने नाही. शून्य राहू दे.

आता दुसरं. आणि हे वाचताना चिडू नकोस.

गेल्या आठवड्यात कान शिकलो. माणसाच्या कानात आत शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी. आवाज आला की ते तुरे हलतात. मोठा आवाज वर्षानुवर्षं आदळत राहिला की ते मोडून पडतात, आणि ताई, ते पुन्हा उगवत नाहीत. मिस पेल्टनला मी विचारलं, की लहानपणी थंड पाण्यात बुड्या मारल्याने असं होतं का? ती म्हणाली, की या पेशी मोडायला आवाज लागतो. मग मी तिला डब्यांची झाकणं बसवणारं मशीन कसं वाजायचं ते सांगितलं आणि ते तुझ्या जागेपासून किती हातांवर होतं तेही. तिने हातातला खडू खाली ठेवला. नंतर म्हणाली, की त्या जागी वीस वर्षं कुणी उभं राहायलाच नको होतं.

तू बावीस वर्षं उभी होतीस. कारखान्याच्या डॉक्टरने तुला बुड्यांची गोष्ट सांगितली होती ना? आणि तू आयुष्यभर त्यावरून स्वतःलाच बोल लावलास. वर्गात मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

एक काम कर. मर्ल आमिषाची गाडी घेऊन गुरुवारी इकडून जातो. त्याच्याबरोबर हेरिंगची डोकी पाठव, बर्फात घालून. जितकी मिळतील तितकी. माशालाही कान असतो, आत. त्यात पांढरे खडे असतात आणि त्यांवर झाडासारखी वर्षांची वलयं. परीक्षेत ते न मोडता काढायचे असतात. आपण किती डोकी कचऱ्याच्या घसरगुंडीवरून खाली सोडली असतील, आणि प्रत्येकात ते होते!

लोभ असावा. चिडलीस तरी असावा.

लोइस

•

पिन्स हार्बर
१५ नोव्हेंबर

चि. लोइस,

आशीर्वाद. पंधरा दिवस लिहिलं नाही. नाताळच्या तोरणांसाठी फरच्या झाडांच्या डहाळ्या तोडायला रानात जात होते, असं तुला सांगणार होते. जात होतेही. पण कारण ते नाही.

तुला कधी सांगितलं नव्हतं. एकोणनव्वद साली माझे कान तपासले, तेव्हा ऑफिसात बोलावून एक कागद पुढे ठेवला होता. कानात घालायचे बोळे मला दिले होते आणि मी माझ्या निष्काळजीपणामुळे ते वापरले नाहीत, असं त्यावर लिहिलेलं. बोळे कसले नि काय! आईच्या जुन्या रजईतला कापूस आपण घरून नेऊन घालायचो, तुला आठवत असेल. मॅनेजर काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, त्याने बोट ठेवलं तिथं मी सही केली आणि टेबलावर परत गेले. बोटी लागलेल्या होत्या.

तोच शब्द तुझ्या पत्रात वाचला आणि मी तुला सांगितलं, सही कर. कारण मी केली होती. तू केली नसतीस, तर मलाही ती न करता परत येता आलं असतं, हे मला मान्य करावं लागलं असतं. फार लाज वाटते ग. आणि बुड्या मी मारतच नव्हते, पोहायला घाबरायचे. त्या डॉक्टरला तेही सांगितलं नाही, आणि पुढे तुलाही त्याचीच गोष्ट सांगत राहिले.

सही करू नकोस. ऐकतेस का? मेलीस तरी करू नकोस.

मुदत उलटूनही एल्डनने खुर्ची ठेवली होती; काल त्याला ‘नाही’ म्हणून सांगितलं. म्हणाला, की तुझ्या बहिणीच्या डोक्यात हवा गेली आहे. मी म्हटलं, की माझ्या बहिणीला डोक्यात नेमकं काय असतं ते आता ठाऊक आहे, तू जपून राहा.

मर्लबरोबर तीन बादल्या डोकी पाठवली आहेत. मिसेस थिबोडोंना माझ्यातर्फे सोबतच्या काकवीच्या कुकीज दे, वासाबद्दल माफी म्हणून. बोटांना चिकटपट्टी गुंडाळ, आपण गुंडाळायचो तशी. हात घसरत नाही.

लोभ आहे. सगळा.

व्हर्ना

•

वेस्ट अ‍ॅल्डन
१६ डिसेंबर

ती. व्हर्नाताईस,

नमस्कार. तुझं पत्र मी गादीखाली ठेवलं आहे. त्याबद्दल समोर बसून बोलू, तुझ्याकडे तोंड करून.

तीन बादल्यांपैकी पहिल्या बादलीतले जवळजवळ सगळे खडे मोडले. माझे हात वेगाला शिकलेले आणि हे काम थांबायचं. दुसऱ्या बादलीत निम्मे साबूत निघाले. तिसऱ्या बादलीपर्यंत मिसेस थिबोडो स्वतः शेजारी खुर्ची ओढून मोजायला बसल्या होत्या. कुकीज त्यांना आवडल्या. गेल्या शनिवारी बीन्समध्ये काकवी होती.

सोमवारी परीक्षा झाली. बोटांना चिकटपट्टी पाहून एका मुलाने विचारलं, की मुष्टियुद्ध आहे का. दोन्ही खडे अकरा मिनिटांत काढले, एकालाही ओरखडा नाही. मिस पेल्टनने मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि विचारलं, की हे कुठं शिकलात. मी म्हटलं, कारखान्यात. तिने मान हलवली आणि तो शब्द तसाच वहीत लिहून घेतला.

त्र्याण्णव मिळाले. सगळं मिळून शहात्तर. ते शून्य निकालपत्रावर ठसठशीत आहे, आणि फॉर्मवर माझी सही नाही. जानेवारीपासून नर्सिंग!

पाकिटात कागदाची घडी आहे, फुंकर मारू नकोस, उडून जातील. एका हेरिंगच्या कानातले दोन खडे आहेत. वलयं मोजली, चार वर्षांचा होता. तुझ्यासाठी ठेवले.

नाताळला येते. लोभ आहे हे कळलंच, तरी पुन्हा लिहून कळवावं.

लोइस

•

पिन्स हार्बर
२२ जानेवारी २००५

चि. लोइस,

आशीर्वाद, आणि या वेळी राग नाही.

तू नाताळानंतर परत गेलीस त्या दिवशी मी कारखान्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. लिहिलं, की एकोणनव्वद साली मी ज्या कागदावर सही केली तो खोटा होता. बोळे दिले नव्हते. माझी सही मी परत घेते. मी निष्काळजी नव्हते. खाली पूर्ण नाव लिहिलं, आणि किती वर्षं काम केलं तेही.

पोस्टातली बाई म्हणाली, की तिथं आता कुणी नाही, दाराला फळ्या ठोकल्यात. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, त्या दारासमोरूनच आले, तू शिक्का मार. काल पत्र परत आलं. वर लाल शाईत शेरा, ‘या पत्त्यावर आता कुणी नाही’. मी ते स्वयंपाकघरात भिंतीवर टाचलं आहे, पुढची बाजू वर करून. तुझे खडे त्याच्या खालच्या फळीवर काचेच्या बाटलीत आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगते.

मर्ल आला होता. त्याला पाकीट फोडून आतलं वाचायला सांगितलं. तो खिडकीकडे वळून पुटपुटायला लागला. मी त्याला हाताला धरून फिरवलं, म्हटलं, माझ्याकडे तोंड करून वाच. ‘मी निष्काळजी नव्हते’ हे शेवटचं वाक्य माणसाच्या ओठांवर कसं दिसतं ते मला बघायचं होतं. तीनदा वाचायला लावलं, बिचारा घामाघूम झाला.

लोभ असू दे. नर्स झालीस की पहिल्यांदा माझे कान तपास, आणि कागदावर काय लिहितेस ते मला आधी दाखव.

तुझी,
व्हर्ना